एम्. ए. चा लघुप्रबंध पीएच्. डी. पर्यंत न्यावा काय ?
(डॉ. आंबेडकरांच्या प्रबंधमालिकेवरून एक विचार)

(१) विषय

ह्या त्रैमासिकात बहुधा अस्सल कागद, ताम्रपट, शकावल्या व त्यांवरील टिपणे प्रसिद्ध होतात. प्रस्तुत लेखाचा विषय तशा जातीचा नाही. परंतु ती कामे पुढे चालविणारी माणसे ज्या वाटेने तयार होतात, त्या वाटेवरील एका फाट्यासंबंधी तो आहे. सबब त्यास येथे जागा मिळण्यास हरकत नसावी असे वाटते.

लेखास निमित्त असे घडले. आमच्या आर्वी तालुक्यातील एका कापूसकरी घराण्यातील विद्यार्थिनी गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आली. तिने इतिहास विषय घेऊन एम्. ए. ची परीक्षा दिली असून तीसाठी कौंडिण्यपुरावर ऐंशी पानांचा लघुप्रबंध लिहिला आहे. कौंडिण्यपूर हे वर्धा नदीच्या पश्चिम तीरावर, म्हणजे अमरावती जिल्ह्यात असून आमचा तालुका त्याच नदीच्या पूर्व तीरावर आहे. विदर्भराज भीष्मकाची राजधानी व रुक्मिणीचे माहेर जे कुंडिनपूर, ते हेच होय काय, असा तिचा प्रश्न होता. महाभारतातील नलोपाख्यान, हरिवंश, भागवताचा दशमस्कंध व नैषधचरित यांतील उल्लेख तिने एकत्र केले होते. डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६२ ते १९६४ ह्या काळात तेथे उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तोही तिने मन लावून वाचला होता.

ती म्हणाली, "गुरुजी, महाविद्यालयात सर म्हणतात, विषय बदलू नकोस, हाच वाढव, अर्धे काम झालेलेच आहे. दुसरे एक सर म्हणतात, झाले ते पुरे, आता नवा विषय घे. बाबा म्हणतात, सहा वर्षे लागणार असतील तर आधी विचारून ये." हे विचारण्यास ती आमच्याकडे आली होती. सध्या ती तासिका तत्त्वावर शिकविते. ह्या सहा वर्षांत घरात दुसरेही खर्च आहेत. प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हता. आयुष्यातील उमेदीची वर्षे कशास द्यावी, असा होता. त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. पुढे विचार करून जे दिले ते त्याच्या कारणांसह येथे मांडतो.

(२) संशय

मीमांसकांच्या पद्धतीने प्रथम संशय नीट मांडला पाहिजे. 'लघुप्रबंध पुढे न्यावा की न न्यावा' असे म्हटल्याने दोनच पर्याय आहेत असे वाटते. वस्तुतः ते तीन आहेत. पहिला, तोच प्रश्न कायम ठेवून सामग्री वाढविणे. दुसरा, लघुप्रबंध लिहिताना जो नवा प्रश्न उद्भवला, परंतु जागेअभावी बाजूस राहिला, तो घेणे. तिसरा, क्षेत्रच बदलून अगदी निराळा विषय घेणे. 'हाच वाढव' असा सल्ला देणारे बहुतेक जण पहिला व दुसरा पर्याय एकच समजतात. सारा घोटाळा तेथे होतो.

(३) पूर्वपक्ष

पहिल्या पर्यायाच्या बाजूने जे म्हटले जाते ते तुच्छ नाही. सामग्री कोठे आहे हे ठाऊक झालेले असते. लागणारी भाषा व लिपी अवगत असते. मार्गदर्शकाचा विश्वास बसलेला असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ह्या पदवीस किमान ३ व कमाल ६ वर्षे आहेत, स्त्रियांस आणखी दोन वर्षांची सवलत आहे; तेव्हा ज्याने दोन वर्षे आधीच एका विषयात घालविली तो इतरांच्या पुढे असणार, हे उघड दिसते.

उलट पक्षाचे म्हणणे असे की, एम्. ए. चा विषय विद्यार्थ्याने बहुधा स्वतः निवडलेला नसतो. तो वेळेच्या व परीक्षेच्या सोयीने ठरतो. दोन सत्रांत उरकण्यासाठी जो प्रश्न बेताचा केला तो पाच वर्षांच्या ओझ्याखाली वाकतो.

ह्या दोहोंपैकी खरे कोणते, हे नुसत्या तर्काने ठरावयाचे नाही. ज्यांनी ही वाट चालून दाखविली त्यांचे चरित्र पाहणे हाच मार्ग. महाराष्ट्रात ह्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांचे आहे, कारण त्यांनी दोन खंडांतील दोन विद्यापीठांत मिळून चार पदव्यांची मजल मारली आणि त्या चारही ठिकाणी प्रबंध लिहावा लागला.

(४) डॉ. आंबेडकरांची प्रबंधमालिका

सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले व १९१५ मध्ये एम्. ए. झाले. त्यांच्या ह्या पदवीच्या निबंधाविषयी छापील ग्रंथांत दोन निरनिराळी विधाने आढळतात. धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रग्रंथात तो निबंध प्राचीन हिंदी व्यापारावरील असल्याचे सांगितले आहे. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन व भाषणे ह्या मालेच्या सहाव्या खंडात मात्र 'ॲडमिनिस्ट्रेशन अँड फायनान्स ऑफ द ईस्ट इंडिया कंपनी' हा निबंध छापला असून, तो एम्. ए. च्या पदवीकरिता १५ मे १९१५ रोजी सादर केल्याचे त्यावरच नमूद आहे. व्यापारावरील निबंधही त्याच मालेत पुढे छापला गेला आहे. मूळ निबंधावरील तारीख व निर्देश हा अधिक जवळचा पुरावा मानून आम्ही दुसरे विधान स्वीकारतो.

हा निबंध लहानसा, चाळिसेक पानांचा आहे. कंपनीचे मालकमंडळ, संचालकमंडळ व नियामकमंडळ यांची रचना, जमीनमहसूल, मीठ, अफू, जकात ही उत्पन्नाची अंगे, कंपनीचे कर्ज व १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपताना ते कर्ज हिंदुस्थानच्या माथी कसे राहिले, हे सर्व त्यात थोडक्यात येते. म्हणजे विषय फार विस्तृत व पाने थोडी. एम्. ए. च्या निबंधाचे हे सर्वसामान्य लक्षणच होय.

त्यानंतरचा प्रबंध कोणता, ह्याविषयीही दोन मते छापलेली आहेत. १९१६ मध्ये त्यांनी 'नॅशनल डिव्हिडंड ऑफ इंडिया' हा निबंध कोलंबिया विद्यापीठास सादर केला. तो पीएच्. डी. करिता होता व तोच पुढे विस्तारून ग्रंथरूपाने निघाला, असे कीर म्हणतात. तो दुसऱ्या एम्. ए. करिता होता असेही कित्येक ठिकाणी दिलेले असते. पदवी ज्या ग्रंथावर मिळाली त्याविषयी मात्र वाद नाही. तो ग्रंथ 'द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया' हा होय. तो लंडनच्या पी. एस्. किंग आणि सन ह्या प्रकाशकांनी १९२५ मध्ये काढला. त्यास त्यांचे गुरु प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे व तो सयाजीराव महाराजांस अर्पण केलेला आहे. प्रबंधाच्या छापील प्रती दिल्यावाचून पदवी द्यावयाची नाही असा त्या काळी कोलंबियाचा नियम होता. त्यामुळे १९१६ मध्ये ज्या कामास तोंड लागले त्याची पदवी १९२७ च्या जूनमध्ये पदरात पडली.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. हा प्रबंध एम्. ए. च्या निबंधाचा विस्तार आहे काय ? वरवर पाहता तसा दिसतो. दोहोंचे क्षेत्र एकच, ब्रिटिश अमलातील हिंदुस्थानची जमाबंदी. दोहोंचा काळही एकमेकांस जुळतो: पहिला १८५८ पाशी थांबतो, दुसरा १८३३ पासून सुरू होतो. परंतु आत शिरून पाहिले म्हणजे भेद लक्षात येतो.

पहिल्या निबंधातील प्रश्न असा: कंपनीचा कारभार व पैसा कसा चालला ? दुसऱ्यातील प्रश्न असा: मध्यवर्ती सरकार व प्रांत यांच्या थैल्या एक असाव्या की वेगळ्या, आणि त्या वेगळ्या होत गेल्या त्या कोणत्या क्रमाने ? १८३३ च्या सनदेच्या कायद्याने प्रांतांचा आर्थिक अधिकार काढून सर्व सत्ता गव्हर्नर जनरलाच्या हाती एकवटली. त्यातून उधळपट्टी व ओढाताण कशी झाली, १८७१ मध्ये लॉर्ड मेयोच्या अमलात प्रांतांस ठराविक रक्कम तोडून देण्याची पद्धत कशी आली, १८७७ पासून काही उत्पन्नाच्या बाबीच प्रांतांकडे कशा सोपविल्या गेल्या, १८८२ पासून काही बाबी वाटून घेण्याची रीत कशी पडली, हा सर्व क्रम त्यात लावून दाखविला आहे. अर्थात प्रश्न रुंदीने कमी झाला व खोलीने वाढला. कंपनीचे अफू, मीठ, संचालक, भागधारक हे सर्व मागे पडून एकच सूत्र हाती राहिले. हे सूत्र पहिल्या निबंधात एका अंगाने होते. दुसऱ्यात तेच ग्रंथाचा कणा झाले. आम्ही वर ज्यास दुसरा पर्याय म्हटले त्याचे ह्याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

आणखी एक अंतर्गत पुरावा लक्षात घेण्याजोगा आहे. ह्या ग्रंथाचा चौथा भाग १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये झालेल्या व्यवस्थेचे परीक्षण करतो. १९१६ मध्ये सादर केलेल्या कोणत्याही लेखात हा भाग असणे शक्य नाही. तेव्हा मधल्या वर्षांत ग्रंथकर्त्याने हे काम पेटीत बंद करून ठेवले नव्हते. नवा कायदा आला तेव्हा आपला जुना सिद्धांत त्यास लावून पाहण्याइतका तो प्रश्न त्यांच्या मनात जिवंत होता. मधली वर्षे कशी होती हेही स्मरणात असावे. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांस लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्धाच्या त्या दिवसांत त्यांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणबुडीने बुडविली. १९१८ पासून १९२० पर्यंत त्यांनी मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात अध्यापन केले आणि शाहू छत्रपतींचे साहाय्य व एका पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले.

लंडनमध्ये १९२१ साली एम्. एस्सी. करिता त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचे क्षेत्र पुन्हा प्रांतिक अर्थव्यवस्थेचेच होते: साम्राज्याच्या जमाबंदीचे प्रांतवार विकेंद्रीकरण. येथपर्यंत एकच धागा दिसतो. परंतु त्याच संस्थेच्या डी. एस्सी. ह्या श्रेष्ठ पदवीकरिता त्यांनी तो धागा सोडला व रुपयाचा प्रश्न हाती घेतला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध १९२२ च्या ऑक्टोबरात सादर झाला, परीक्षकांच्या आक्षेपांमुळे पुन्हा लिहावा लागला, आणि १९२३ मध्ये पदवी मिळून त्याच वर्षी तो छापला गेला. त्यास प्रा. एड्विन कॅनन यांची प्रस्तावना असून तीत त्यांनी ग्रंथकाराशी असलेला आपला मतभेदही नोंदविला आहे.

मग हा तिसरा पर्याय, क्षेत्र बदलण्याचा, म्हणावा काय ? आमच्या मते पूर्णपणे नाही. १८७३ नंतर चांदीचा भाव उतरत गेला, इंग्लंडास द्यावयाच्या रकमा सोन्याच्या हिशेबाने वाढत गेल्या, आणि १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या. ह्या उतारामुळे हिंदुस्थान सरकारचे अंदाजपत्रक वर्षोवर्ष डळमळत असे. ज्याने थैल्यांच्या वाटणीचा अभ्यास केला त्यास, थैलीत पडणारे नाणेच स्थिर का नाही, हा प्रश्न कधी ना कधी पडणारच. म्हणजे येथेही बदल झाला तो मागील कामाच्या पोटातून निघालेला होता. १९२५ च्या डिसेंबरात चलनविषयक शाही आयोगापुढे डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली ती ह्या अभ्यासाच्या बळावर. पुढे घटनासमितीत मसुदासमितीचे अध्यक्ष म्हणून केंद्र व राज्ये यांच्या आर्थिक संबंधांच्या कलमांवर बोलावयाची वेळ आली तेव्हा तरुणपणीचा तो पहिला प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा उभा राहिला. विषय पदवीपुरता न राहता आयुष्यास पुरला.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. ह्याच कोलंबियात ९ मे १९१६ रोजी त्यांनी मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. तो १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. त्यावर कोणतीही पदवी मिळाली नाही; पण त्यातील प्रश्न त्यांच्या पुढील सर्व कार्याच्या मुळाशी राहिला. तात्पर्य, मनुष्याचा जिव्हाळ्याचा विषय व पदवीचा विषय एकच असला पाहिजे असाही नियम नाही.

(५) इतर उदाहरणे

एकाच उदाहरणावरून नियम बांधणे योग्य नव्हे. श्रीमती इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम्. ए. ची पदवी मिळविली. त्यानंतर बर्लिन येथे त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमतेवर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. समाजाच्या इतिहासावरून एकदम हाडांच्या मापावर, असा हा बदल. प्रथमदर्शनी हे तुटणे वाटते. परंतु मोजमापाची जी शिस्त तेथे अंगी बाणली ती त्यांनी पुढे महाराष्ट्रातील लोकसमूहांच्या अभ्यासास लावली, आणि १९५३ च्या 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' ह्या ग्रंथात पहिल्या प्रबंधातील समाजविषयक जिज्ञासा पुन्हा वर आली. येथे विषय बदलला तो नवे साधन शिकण्यासाठी.

डॉ. हसमुख सांकलिया यांचेही तसेच. मुंबईच्या एम्. ए. करिता त्यांनी नालंदा विद्यापीठावर लिहिले व ते १९३४ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. लंडनच्या पदवीकरिता मात्र गुजरातचे पुरातत्त्व घेतले. ग्रंथांवरून लिहिलेल्या विषयाकडून जमिनीवर हिंडून पाहावयाच्या विषयाकडे ते वळले, आणि तेच त्यांचे पुढील क्षेत्र झाले.

पदवीशी संबंध नसलेले, परंतु ह्या प्रश्नावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारे उदाहरण म्हणजे महामहोपाध्याय काणे यांचे. व्यवहारमयूखाचे संपादन करिताना त्यास जोडावयाची प्रस्तावना म्हणून त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे टिपण आरंभिले. टिपण प्रस्तावनेत मावेना. त्याचा स्वतंत्र ग्रंथ झाला, आणि त्या ग्रंथाचे १९३० ते १९६२ ह्या अवधीत पाच खंड निघाले. येथे कोणी काणे यांस 'हे वाढवा' असे सांगितले नव्हते. विषयच वाढला. मनुष्याने विषय वाढविणे आणि विषयाने मनुष्यास ओढून नेणे ह्यांतील अंतर ज्यास कळले त्यास प्रस्तुत प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले.

(६) चार अनुबंध

आपल्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी व संबंध हे चार अनुबंध सांगण्याचा प्रघात आहे. एखादा ग्रंथ वाचावयास घ्यावा की नाही, हे त्यांवरून ठरते. तो लिहावयास घ्यावा की नाही, हेही त्यांवरूनच ठरविता येईल असे आम्हांस वाटते.

विषय. लघुप्रबंधाचा प्रश्न एका वाक्यात लिहावा व त्याखाली आपण दिलेले उत्तर लिहावे. उत्तर पूर्ण झाले असेल तर तो प्रश्न संपला. त्यास पाच वर्षे पाणी घातल्याने तो वाढत नाही. उत्तर लिहिताना 'परंतु' असा शब्द आला असेल, तर त्या 'परंतु'पुढे जे आहे तेथे नव्या प्रबंधाचा प्रश्न असण्याचा संभव आहे.

प्रयोजन. ही पदवी कशासाठी, हे स्वतःशी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ च्या जुलैपासून साहाय्यक प्राध्यापकाच्या जागेस नेट, सेट ह्या परीक्षांची पात्रता किमान धरली असून पीएच्. डी. ऐच्छिक ठेविली आहे. तेव्हा नोकरीकरिता ती अटळ आहे असे म्हणता येत नाही. ज्यास केवळ नोकरी हवी त्याने आधी ती परीक्षा द्यावी, हे उत्तम. प्रश्नाने झोप उडविली असेल तरच प्रबंध.

अधिकारी. ह्या विषयास लागणारी लिपी, भाषा, गणित वा मोजणी आपणास येते काय ? येत नसेल तर शिकण्याची तयारी आहे काय ? एम्. ए. च्या वेळी छापील पुस्तकांवर निभावले म्हणून पुढेही निभावेल असे समजू नये. आणि मार्गदर्शकही त्या प्रश्नाचा अधिकारी असावा. मार्गदर्शक आपल्या ओळखीचा आहे एवढ्यावरून तो अधिकारी ठरत नाही.

संबंध. जुन्या लेखनाचा नव्याशी संबंध कोणता ? ह्यात एक व्यावहारिक बाजू आहे. हे काम अन्य कोणत्याही पदवीकरिता सादर केलेले नाही, असे प्रतिज्ञापत्र प्रबंधासोबत द्यावे लागते. शिवाय २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील मजकुराची इतर लेखनाशी तुलना होते. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडास पात्र नसते, त्यापुढे चाळीस टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून पुन्हा सादर करावा लागतो, आणि त्याहून अधिक साम्यास अधिक कडक शिक्षा आहे. स्वतःचाच जुना मजकूर उतरून घेणे हाही ह्यात दोषच समजतात. म्हणून 'अर्धे काम झालेलेच आहे' हा पूर्वपक्षाचा मुख्य आधार येथे गळून पडतो. लघुप्रबंधाची पाने नव्या प्रबंधात जात नाहीत. जाते ते लिहिणाऱ्याच्या अंगी आलेले ज्ञान. जुन्या निबंधाचा स्पष्ट निर्देश करून त्याच्या निष्कर्षावर उभे राहावे, त्याची पाने मात्र पुन्हा वापरू नयेत.

(७) आमचा अनुभव

येथे स्वतःविषयी चार ओळी लिहिणे भाग आहे, कारण वरील कसोट्या आम्हांस ग्रंथांतून सापडल्या नाहीत, चुकीतून सापडल्या. संस्कृत घेऊन एम्. ए. करिताना आम्ही रुक्मिणीस्वयंवराच्या आख्यानांची तुलना करणारा निबंध लिहिला होता. त्याची थोडी प्रशंसा झाली. तीमुळे तोच विषय घेऊन आम्ही डॉक्टरेटकरिता नाव नोंदविले. दिवसा शाळा व रात्री प्रबंध, असे सहा वर्षे चालले. निबंधात तीन आख्याने होती, प्रबंधात अकरा झाली. पाने तिप्पट झाली. परंतु सहाव्या वर्षी समारोपाचे प्रकरण लिहावयास बसलो तेव्हा असे दिसून आले की, एम्. ए. च्या निबंधाच्या शेवटच्या पानावर जे वाक्य आहे त्याहून निराळे एकही वाक्य आम्हांस सांगावयाचे नाही. प्रबंध सादर झाला नाही. ते बाड आजही फळीवर आहे. ह्यात दोष मार्गदर्शकांचा नव्हता. प्रश्न संपला आहे हे आम्ही स्वतःस विचारले नाही, एवढाच दोष, व तो आमचा.

त्या सहा वर्षांत आमच्या मुलांनी आम्हांस पाठमोरेच अधिक पाहिले. ही किंमत कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नसते.

(८) निर्णय

विद्यार्थिनी दुसऱ्यांदा आली तेव्हा आम्ही तिला तिच्या लघुप्रबंधाचा प्रश्न व उत्तर एका कागदावर लिहावयास सांगितले. तिने लिहिले: परंपरा, वाङ्मयातील उल्लेख व उत्खननात मिळालेले प्राचीन वस्तीचे थर ही तिन्ही परस्परांस अनुकूल आहेत. मग थोडे थांबून तिने पुढे लिहिले: परंतु देऊळ नदीच्या त्या तीरावर आणि यात्रेस जाणारी आमची गावे ह्या तीरावर, असे का ?

हे वाक्य तिच्या लघुप्रबंधात एका कोपऱ्यात होते. त्याचे महत्त्व तिला तेव्हा वाटले नव्हते. वस्तुतः १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदी ही सरहद्द ठरली. पश्चिमेकडील वऱ्हाड निजामाकडे गेले व पूर्वेकडील मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे राहिला. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६२ मध्ये वर्धा हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांतास जोडला गेला. म्हणजे शंभर वर्षे ह्या नदीच्या दोन तीरांवर दोन वेगवेगळे कारभार होते. आणि तरीही कार्तिकात लोक नदी उतरून कौंडिण्यपुरास जात राहिले, व पंढरपुरास जाणारी रुक्मिणीची पालखी, जिची परंपरा १५९४ पासून सांगितली जाते, तीही निघत राहिली. दोन राज्यांच्या मधील नदी यात्रेकरूंनी, व्यापाऱ्यांनी व सोयरिकींनी कशी ओलांडली ? हा प्रश्न पुराणांतून सुटणार नाही. त्यास मोडी कागद, जमाबंदीचे अहवाल, १९०६ चा जिल्हा गॅझेटिअर, नागपूरच्या अभिलेखागारातील दप्तरे आणि दोन्ही तीरांवरील घरांतील वह्या पाहाव्या लागतील.

येथे चारही अनुबंध लावून पाहिले. विषय नवा व अपूर्ण आहे. संबंध जुन्या निबंधाशी आहे, पण पुनरुक्तीचा नाही. जुन्या निबंधाने देऊळ कोठे ते ठरविले, नवा प्रबंध त्याच्याकडे जाणारी वाट शोधील. प्रयोजनाविषयी ती म्हणाली, "नोकरीसाठी सेट देतेच आहे, हे मात्र कळल्याशिवाय राहवत नाही." अधिकाराच्या ठिकाणी मात्र उणे निघाले: तिला मोडी येत नाही.

सबब आमचा निर्णय असा. लघुप्रबंध वाढवू नये. त्यातील 'परंतु' वाढवावा. आणि तोही आजच नव्हे. नोंदणी एक वर्ष पुढे ढकलावी, त्या वर्षात मोडी शिकावी, दोन्ही तीरांवरील निदान दहा घरांची बाडे पाहावी, आणि कागद खरोखर मिळतात असे दिसले तरच सहा वर्षांचा घड्याळाचा काटा सुरू करावा. न मिळाल्यास एक वर्ष गेले व एक लिपी आली, एवढ्यावर भागेल. तिच्या वडिलांनाही आम्ही हेच कळविले. त्यांनी विचारले, "म्हणजे हो म्हणता की नाही ?" आम्ही म्हटले, "पेरण्याआधी माती पाहा म्हणतो." त्यावर त्यांनी अधिक विचारले नाही.

सध्या ती दर रविवारी सकाळी आमच्याकडे मोडीचे धडे गिरविते. पहिल्या महिन्यात तिने आर्वीतील एका घरची जुनी दुकानवही आणून दाखविली. तीत नदीपलीकडील गावांची नावे उधारीच्या रकान्यात आहेत. त्यावरून अद्याप काही सिद्ध होत नाही. परंतु ते पान उलटताना तिने आमच्याकडे पाहिले नाही, वहीकडेच पाहत राहिली, हे आम्ही पाहिले. फळीवरील आमच्या बाडाशी आमचे असे कधी झाले नव्हते.

कोणा वाचकांच्या संग्रही वर्धेच्या दोन्ही तीरांवरील गावांचे १८०३ ते १९०३ ह्या काळातील कागद, वह्या, उताराच्या नावेचे हिशेब वा यात्रेचे जमाखर्च असतील, तर त्यांनी ह्या त्रैमासिकाच्या चालकांस कळवावे, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.